सोळा, अठरा आणि सुकटीचा वास

आम्हाला सगळं माहीत होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, बिचारी पोरं, अजून शिकत होती. आम्ही शिकतबिकत नव्हतो. साडेचार वर्षांत शिकायचं ते शिकून झालं होतं, नावामागे डॉक्टर लागायला काही महिने उरले होते आणि शहाणपण नुसतं उतू जात होतं.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. कॉलेजने आम्हा सहा जणांना, चार मुलगे आणि दोन मुली, इंटर्न म्हणून चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्ण्याकडच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्यात पाठवलं होतं. गावातल्या माणसांची सेवा व्हावी आणि आमचा हात बसावा, असा त्यामागचा हेतू. आमचा हेतू वेगळा होता. आम्हाला पुढच्या शिक्षणाची प्रवेशपरीक्षा द्यायची होती. त्या परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात आणि एकावर खूण करायची असते. त्यामुळे जगातला कुठलाही आजार आम्हाला चार पर्यायांसकटच ओळखू यायचा. रुग्ण पर्याय घेऊन येत नसे, म्हणून त्याच्यात आम्हाला काही रस नव्हता.

ओपीडीची आम्ही वाटणी करून टाकली होती. एकाने बसायचं, पाच जणांनी क्वार्टरवर वाचायचं. हजेरीच्या वहीत मात्र रोज सहा सह्या, वेगवेगळ्या पेनांनी केलेल्या. तेवढी अक्कल आम्हाला होती. दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांना, म्हणजे साहेबांना, हे सगळं ठाऊक होतं. त्यांनीही त्यांच्या काळात हेच केलं होतं आणि ते हे आम्हाला चहा पिता पिता अभिमानाने सांगायचे.

सहा जणांत या भागातली मी एकटी. माझं घर नागभीडचं. बाप शाळेत मास्तर, आई घरच्या दोन एकर धानात राबणारी. बाकीचे नागपूरचे, पुण्याचे, एक नाशिकचा. मी त्यांच्यात अशी मिसळले होते की मी कुठली हे मलाच विसरायला झालं होतं. सुट्टीत घरी गेले की आई माझं बोलणं ऐकून म्हणायची, "कोनासंगं बोलून राह्यली व तू? मी तुही माय होय." मी तिला हसून टाळायची. मला त्या काळात स्वतःच्या आईचीही थोडी लाज वाटायची, हे लिहायला आज बरं वाटत नाही. पण इतरांची सालं काढायची आणि स्वतःला पदराखाली घ्यायचं, हे मला जमणार नाही.

जेवायची सोय दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होती. तिथे ढिवर समाजातली एक बाई खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे काय, तर तिच्याच घराची ओसरी, दोन सतरंज्या आणि सहा ताटं. नवरा तलावावर मासे धरायचा, सहावीतली एक पोरगी होती. बाई चाळिशीची, अंगाने सडपातळ, बोलायला मोकळी. भात, वरण, वांग्याची भाजी, कधी घोटलेली अंबाडी. मुलग्यांना ती 'साहेब' म्हणायची आणि आम्हा दोघींना 'म्याडम'. आम्ही तिला मावशी म्हणायचो आणि असं म्हटलं की तिच्याशी आणखी काही बोलायची गरज नाही, असं आमचं ठरलेलं होतं.

जेवताना आमचा अभ्यास चालायचा. पुण्याचा मुलगा आमचा म्होरक्या. भाताचा घास तोंडात ठेवून तो प्रश्न टाकायचा. त्या महिन्यात त्याच्या डोक्यात एचपीव्ही बसला होता. गर्भाशयाच्या तोंडाला कॅन्सर करणारा हा विषाणू. त्याच्यावरची लस नुकतीच बाजारात आली होती, म्हणजे परीक्षेत प्रश्न येणार हे नक्की.

"कॅन्सर करणारे प्रकार?"

"सोळा, अठरा!"

"चामखीळ करणारे?"

"सहा, अकरा!"

"लस कधी?"

"नऊ ते बाराव्या वर्षात, पुरुषाशी संबंध यायच्या आधी!"

"लक्षणं?"

"संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर रक्त, घाण वासाचा स्राव!"

बाई भात वाढत असायची. आम्ही निम्मं इंग्रजीत बोलायचो, त्यामुळे तिला कळत नाही असं गृहीत धरलेलं. बायकांच्या ज्या अवयवांबद्दल गावात कोणी तोंडातून शब्द काढत नाही, त्यांच्याबद्दल आम्ही तिच्या ओसरीवर, तिच्या ताटात, तिच्या पोरीसमोर तावातावाने बोलत होतो. ती खाली मान घालून वाढायची. आम्हाला वाटायचं लाजते आहे.

एकदा ओपीडीत मी बसले असताना ती आली. पदराने तोंड पुसत बाकावर टेकली. खोलीत दोन माणसं होती, ती जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "म्याडम, अंगावर जाऊन राह्यलं."

"पांढरं?"

"पांढरं बी जाते. कधी लाल बी दिसते."

"किती दिवस?"

"झाले नं दिवस. दिवाळीपासून असन."

होळी जवळ आली होती. हे वाक्य कुठल्याही पुस्तकात घातलं असतं तर मी झोपेतून उठून उत्तर दिलं असतं. पण पुस्तकात बाई 'संबंधानंतर रक्त' अशी तक्रार घेऊन येते. आमच्या भागातली बाई असं मेली तरी म्हणत नाही. ती 'अंगावर जाते' एवढंच म्हणते आणि पुढचं विचारायचं काम समोरच्याचं असतं. हे मला बाकीच्या पाचांपेक्षा जास्त ठाऊक होतं. मी याच बायकांत वाढले होते.

तपासायचं म्हटलं तर आतल्या खोलीतल्या टेबलावर झोपवून, स्पेक्युलम नावाचं चोचीसारखं लोखंडी साधन लावून बघायचं. सिस्टरला विचारलं, तर ती म्हणाली, "म्याडम, ते उकळावं लागते. रॉकेल संपलं आहे, स्टोव्ह पेटत नाही. उद्या पाहू?" मी लगेच मान डोलवली. मला क्वार्टरवर जायचं होतं, एक प्रकरण उरलं होतं. कुठलं ते सांगायची खरं तर गरज नाही, पण सांगते. स्त्रियांचे कॅन्सर.

मी तिला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि जंतुसंसर्गाच्या गोळ्यांचं एक पाकीट दिलं. अंगावर जाणाऱ्या प्रत्येक बाईला तिथे हेच द्यायचे. लाल आणि पांढऱ्या गोळ्या. साहेबही हेच देत, त्यांच्या आधीचेही हेच देत असत. बाईने गोळ्या पदरात बांधल्या आणि मला म्हणाली, "आज मुंगाचं वरण केलं म्याडम, लवकर येजा." तो उद्या काही उगवला नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही, मीही नाही.

त्यानंतर वास सुरू झाला.

आधी पुण्याच्याला आला. ओसरीवर बसता बसता त्याने नाक मुरडलं. "काय कुजलंय?" मग सगळ्यांना यायला लागला. कधी कमी, कधी जास्त. ती वाढायला वाकली की जास्त. मुलगे ताटावर बसून एकमेकांना कोपरं मारायचे. क्वार्टरवर परतल्यावर पुण्याच्याने निदान केलं. "सुकट. हे लोक वाळवलेले मासे खातात ना, घरभर टांगून ठेवतात. त्याचाच वास." सगळे खो खो हसले. माझी रूममेट, नागपूरच्या मोठ्या डॉक्टरची मुलगी, म्हणाली, "मला तर उलटीच येते." मग त्यांना आठवलं की आपल्यात एक तज्ज्ञ आहे. पुण्याचा माझ्याकडे वळला. "तू इकडचीच ना? सांग बरं, सुकटच ना?"

मी सुकट खाऊन मोठी झाले. आईने तव्यावर सुकट परतली की तिचा वास मला शाळेच्या वळणापासून ओळखू यायचा आणि माझं पाऊल झपझप पडायचं. तो वास वेगळा. खारट, उन्हाचा, भूक वाढवणारा. बाईच्या ओसरीवरचा वास सुकटीचा नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण ते सांगायचं तर सुकट कशी वास मारते हे मला माहीत असल्याचं कबूल करावं लागलं असतं.

मी म्हणाले, "आमच्याकडे नाही खात. मला काय माहीत?"

झालं. सहा होऊ घातलेल्या डॉक्टरांनी, ज्यांना 'घाण वासाचा स्राव' हे शब्द तोंडपाठ होते, एकमताने ठरवलं की बाईच्या घरात मासे कुजतात. दुसऱ्या दिवशी आम्ही बसस्टँडवरच्या हॉटेलात जेवायला लागलो. बाईला सांगायला कोणी गेलं नाही. दोन दिवस ती सहा ताटं मांडून वाट बघत बसली, हे मला नंतर तिच्या पोरीकडून कळलं.

याच सुमाराला आमच्या जाणिवेची परीक्षा झाली. हसू नका, खरंच झाली. चंद्रपुरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये लसीबद्दल कार्यक्रम होता. आसपासच्या दवाखान्यांतले सगळे इंटर्न बोलावले होते. पडद्यावर चित्रं, एसी, शेवटी जेवण. जेवणाबद्दल आधीच खात्री करून घेतली होती, म्हणून आमची हजेरी शंभर टक्के. त्या दिवशी ओपीडीत आमच्यातलं कोणीच नव्हतं. सह्या मात्र होत्या.

भाषणाआधी एक छापील प्रश्नावली वाटली. या विषाणूबद्दल ऐकलं आहे का? तो कसा पसरतो? कोणत्या वयात लस द्यावी? आम्ही भराभर खुणा केल्या. ज्यांना येत नव्हतं त्यांनी शेजाऱ्याचं बघून केल्या. पुण्याचा म्हणाला, "हा विषय बायकांचा, आपलं काय काम?" आणि तरी त्याची सगळी उत्तरं बरोबर आली. पेपर तपासून झाल्यावर व्यासपीठावरच्या बाईंनी आनंदाने जाहीर केलं की भावी डॉक्टरांमधली जागरूकता अतिशय समाधानकारक आहे. टाळ्या पडल्या. गेल्या महिन्यात तुम्ही एका तरी बाईला आत नेऊन तपासलं का, हा प्रश्न त्या कागदावर नव्हता. असता तर समाधानाचं काय झालं असतं कोण जाणे.

सगळ्यात जास्त गुण मला पडले. स्टीलचा डबा बक्षीस मिळाला. इच्छुक मुलींना तिथेच लसीचा पहिला डोस टोचला. मी आणि रूममेट, दोघींनी बाह्या वर केल्या. फोटो निघाला. मला आठवतं, सुई टोचताना मी मोठ्या कौतुकाने स्वतःकडे बघत होते. किती पुढारलेल्या आपण, असं काहीसं मनात होतं.

तीन आठवड्यांनी बाईची पोरगी ओपीडीच्या दारात येऊन उभी राहिली. ओपीडीची जबाबदारी त्या दिवशी माझ्यावर होती. पोरगी धापा टाकत होती. "म्याडम, चाला ना. माय उठून नाई राह्यली. लुगडं पुरं रगतानं भिजलं."

मी स्ट्रेचर आणि दोन माणसं घेऊन गेले. गल्लीत ओसरीवर पाय ठेवला आणि तो वास अंगावर आला. बाई भिंतीला टेकून होती, पांढरीफटक. मला बघून पदर सावरायला लागली. नवरा कोपऱ्यात हात जोडून उभा होता आणि एकच वाक्य म्हणत होता, "पाहाजा म्याडम, पाहाजा."

त्या दिवशी रॉकेल मिळालं. स्पेक्युलमही उकळलं. सगळं काही दहा मिनिटांत झालं. मी आयुष्यात पहिल्यांदा तो आजार पुस्तकाबाहेर बघितला. फुलकोबीच्या गड्ड्यासारखी गाठ, बोट लागताच रक्त. पुस्तकात हेच लिहिलेलं, शब्द न् शब्द. सिस्टरने तोंडाला पदर लावला आणि माझ्याकडे बघितलं. मला तिचा राग आला, मग कळलं की राग यायचा तर माझा यायला हवा.

पुण्याचा बातमी ऐकून धावत आला. आजपर्यंत ओपीडीत तो इतक्या तातडीने कधी आला नव्हता. "टेक्स्टबुक केस!" म्हणाला. "मला बघू दे ना, परीक्षा जवळ आलीय." मी त्याला दाराबाहेर ढकललं. माझ्या सबंध इंटर्नशिपमधलं ते एकच काम मला धड जमलं असावं.

बाईला नागपूरच्या कॅन्सरच्या दवाखान्यात नेलं. मी सोबत गेले, कारण नवऱ्याला तिथल्या खिडक्या, रांगा आणि कागद समजले नसते. डॉक्टरांनी तपासून मला बाजूला घेतलं. आजार कमरेच्या हाडापर्यंत पसरला होता. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. शेक देऊ, म्हणजे किरणांचा उपचार करू, म्हणाले, त्रास कमी होईल. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "हिला सहा महिने रक्त जातंय. तुमच्या तिकडे कोणी डॉक्टर नाही का?"

"आहेत," मी म्हणाले. सहा जण आहेत, हे सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा भेटायला गेले. ती खाटेवर बसली होती, पोरगी पायथ्याशी. मी सफरचंदं नेली होती. अपराधी माणूस दवाखान्यात नेहमी सफरचंदंच का नेतो, मला माहीत नाही. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग माझ्याच्याने राहवेना. मी म्हणाले, "मावशी, तुम्ही मला आणखी सांगायला हवं होतं. मागे लागायला हवं होतं."

बघा, तेव्हाही मी तिच्याच माथी मारत होते.

ती रागावली नाही. आपल्याच विचारात बोलावं तसं म्हणाली, "तुमी जेवताना रोज बोलत होता ना म्याडम. सुई, क्यान्सर, घाण वास. आधं समजे, आधं नाई समजे. मी आयकत होती. मंग माझ्या अंगाले वास याले लागला. तुमाले बी आला, मले दिसलं. मी म्हणलं, आता या लोकायले समजलंच असन, डॉक्टर होत. सांगतीन. मंग तुमी काईच बोलले नाई, येनं बंद केलं. मले वाटलं, मोठं काई नसन. असतं तं बोलले नसते का?"

ओपीडीतल्या त्या एका फेरीनंतर तिने आमच्याकडून तपासणीची आशाही केली नव्हती. आम्ही नाक मुरडलं, यालाच तिने तपासणी मानलं होतं आणि आम्ही गप्प बसलो, म्हणजे ती पास झाली असं तिला वाटलं होतं.

मग तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "ते सुई हिले देता येते ना? नऊ ते बारा म्हनत होता. हिले अकरावं चालू हाय."

सहा जणांनी त्या ओसरीवर केलेल्या त्या सगळ्या घोकंपट्टीतून कामाचं काही निघालं असेल तर ते एवढंच. आणि ते तिने ऐकलं होतं, भात वाढता वाढता. आम्ही पाठ केलं, तिने समजून घेतलं. मी "हो" म्हणाले.

उन्हाळा संपायच्या आत बाई गेली. मी पोरीला लस टोचून आणली, तिन्ही डोस, ठरलेल्या दिवशी. याबद्दल कोणी पाठ थोपटू नये. मधल्या काळात माझी परीक्षा झाली आणि हवी ती जागा मिळाली. पेपरात एचपीव्हीवर प्रश्न आला होता, तो बरोबर आला. पुण्याच्याचाही आला. आमच्यातल्या कोणाचंच काही बिघडलं नाही.

तिसऱ्या डोससाठी मी पोरीला चंद्रपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरकडून निघून आम्ही बसस्टँडकडे चालत होतो. बाप तिला मामाकडे ठेवायचं म्हणत होता, शाळा बदलणार होती, त्याबद्दल ती बोलत होती. मध्येच दंड चोळत थांबली.

"म्याडम, ही सुई मायले देली असती तं?"

"नसता उपयोग झाला. ही आजाराच्या आधी घ्यायची असते, तुझ्या वयात."

"मंग मायले काय द्याचं होतं?"

"काही द्यायचं नव्हतं," मी म्हणाले. "वेळेवर तपासायचं होतं."

तिने जरा विचार केला. "तुमी तं तिथीच होता ना. मंग काऊन नाई तपासलं?"

समोरून गाड्या जात होत्या. खोटं बोलायला मला पुष्कळ जागा होती. रॉकेलचं सांगता आलं असतं, सिस्टरचं सांगता आलं असतं, साहेबांचं तर सहज.

"अभ्यास करत होते," मी म्हणाले.

"हो का," ती म्हणाली. अभ्यास म्हणजे चांगली गोष्ट, असं तिला शाळेत शिकवलं होतं. तिला ते पटलं.